सगळीकडे पंचवीस

क्वालालंपूरच्या प्रशिक्षणाला निघताना संजीवनीने नवऱ्याला तीनच गोष्टी बजावल्या होत्या. सकाळी पानांवर पाणी फवारायचं, बारीक रातकिडे मोजून आठ सोडायचे आणि दिव्याला हात लावायचा नाही. प्रबोधने पहिल्या दोन लिहून घेतल्या.

जबाबदारी चार महिन्यांच्या, रंग बदलणाऱ्या एका शॅमेलिऑन सरड्याची होती. सिंगापुरात असा प्राणी घरी पाळता येत नाही, पण पासिर रिसच्या ज्या छोट्या निसर्गकेंद्रात संजीवनी काम करायची, तिथे शाळेच्या मुलांना दाखवण्यासाठी तो रीतसर परवाना काढून आणला होता. मुलांनी त्याचं नाव पांडान ठेवलं होतं, इथल्या हिरव्या केकमध्ये घालतात त्या पानाचं. रंगकामासाठी केंद्र चार दिवस बंद आणि बाकीचे कर्मचारी सुट्टीवर, म्हणून प्रबोध रजा टाकून रोज तिथे जाऊ लागला. घरी एकटं बसायला नको म्हणून सासरेही सोबत आले. बाबूराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले, दोन महिन्यांसाठी सांगलीहून लेकीकडे आलेले.

प्रबोध एका डेटा सेंटरमध्ये तापमान सांभाळायचा. तिथे एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा दोन अंशांनी गरम निघाला तरी माणसं धावत सुटतात. असे कोपरे हुडकून थंड करण्यात त्याची सोळा वर्षं गेली होती. त्यामुळे पहिल्याच सकाळी त्याने पिंजऱ्यात ठिकठिकाणी तापमान मोजलं आणि तो चक्रावून गेला. वरच्या फांदीपाशी, दिव्याखाली, एकोणतीस आणि तळाला तेवीस. एवढ्याशा जागेत सहा अंशांचा फरक पाहून त्याला बायकोच्या वतीने लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत त्याने दिवा लांब सरकवला, दोन छोटे पंखे बसवले आणि सहा सेन्सर लावले. सहाही सेन्सर पंचवीस दाखवू लागले. बाबूरावांना त्याने तो आकडा मोठ्या अभिमानाने दाखवला. ते छान म्हणाले आणि सरड्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पांडान काळपट तपकिरी पडला होता. आठातले दोन किडे खाऊन त्याने तोंड फिरवलं. प्रबोधला सेन्सरचा संशय आला, म्हणून तो आणखी सहा घेऊन आला. बाराही पंचवीसच म्हणाले. बारा साक्षीदार एकच सांगत असताना चूक सरड्याचीच असणार, असं त्याला मनापासून वाटलं. तरी खात्री करावी म्हणून त्याने सगळीकडे एकतीस करून पाहिलं, तर पांडान फिकट पडला आणि तोंड उघडून बसला. घाबरून त्याने पुन्हा पंचवीस केलं. सेन्सर ऑफिसमधूनच आणलेले, त्यामुळे या गडबडीत 'पांडान' या नावाने धोक्याचा इशारा त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर गेला आणि पांडान हा नवा ग्राहक कोण, असं मॅनेजरने विचारलं. लहान आहे पण महत्त्वाचा आहे, असं उत्तर प्रबोधने पाठवून दिलं.

संध्याकाळी संजीवनीचा फोन आला. पांडान जेवतोय ना, असं तिने विचारलं. तापमान अगदी स्थिर आहे, असं त्याने सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच चीड आली.

तिसऱ्या सकाळी आठही किडे तसेच होते. पांडान फांदीला चिकटून, भर दिवसा डोळे मिटून बसला होता. आता मात्र प्रबोध खरंच घाबरला. सर्व्हर बंद पडला तर दुसरा लावता येतो. हा जीव गेला तर काय करायचं, त्याला कळेना.

तेवढ्यात बाहेरून खर्रकन आवाज आला. काचेतून पाहिलं तर बाबूराव व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची ओढत होते. थोडा वेळ उन्हात बसले, मग उठून सावलीत गेले, मग पुन्हा उन्हात. चौथ्यांदा आवाज झाला तसा प्रबोध वैतागून बाहेर गेला.

"बाबा, एका जागी बसा ना. हे बघा, इथे मधोमध बसलात तर काहीच त्रास नाही."

"मधोमध बसून काय करू, जावईबापू? पाठ शेकावीशी वाटली की उन्हात, तापली की सावलीत. किती वेळ कुठे बसायचं ते अंगच सांगतं."

प्रबोधने काचेतून पिंजऱ्याकडे पाहिलं. तिथे ना ऊन होतं ना सावली, सगळीकडे पंचवीसच. तो तडक आत गेला, पंखे काढले आणि दिवा होता तिथे परत लावला.

पाऊण तासाने पांडान हलला. एकेक पाऊल टाकत वरच्या फांदीवर गेला आणि त्याने काळी कूस दिव्याकडे वळवली. हळूहळू तिच्यावर हिरवा रंग चढला. दुपारी तो स्वतःच खाली उतरला आणि त्याची जीभ बाणासारखी सुटली. पाच किडे गेले तेव्हा प्रबोधच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी संजीवनी थेट केंद्रावर आली. प्रबोधने तिला सगळं कबूल करून टाकलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी मला परवाच फोनवर सांगितलं, सरडा काळा पडलाय म्हणून."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू मला आकडे दाखवले असतेस आणि आपण तासभर भांडलो असतो. म्हणून बाबांना म्हटलं, त्याला दिसेल अशा जागी खुर्ची हलवत बसा. काल सकाळी दहा वाजेपर्यंत तुला कळलं नसतं, तर मी फोन करणारच होते."

प्रबोधने सासऱ्यांकडे पाहिलं. ते गुडघा चोळत होते. "मला तर पहिल्यापासून सावलीतच बसायचं होतं," ते म्हणाले.

प्रबोधला राग यायला हवा होता. पण पांडान समोर हिरवागार बसला होता, आणि आपल्यावर एवढी मेहनत घेणारं कुणीतरी आहे हे त्याला आतून बरंही वाटत होतं. तरी त्याने विचारलंच.

"असं याआधी किती वेळा केलंयस?"

संजीवनी लगबगीने पानांवर पाणी फवारायला लागली. उत्तर बाबूरावांनीच दिलं.

"साखरपुड्यापासून मोजायचं का, जावईबापू?"