खोकल्याला धावणारे फादर

आमच्या गावठाणात कुणाला खोकला आला तर तो उशीत तोंड खुपसून खोकतो. बाहेर ऐकू गेला तर फादर बस्त्यांव येतात. पांढरा झगा, पायांत रबरी चपला आणि खिशात पवित्र तेलाची बाटली.

हे तेल आजाऱ्याच्या कपाळाला लावतात. पण आमची जुनी माणसं तेल दिसलं की शेवट आला असंच समजतात. माझ्या आईला साधं पडसं झालं होतं. दारात फादर दिसताच ती गोधडी फेकून उठून बसली. "फादर, मना सर्दी हाय! मी मरत नाय!"

"मरायला कशाला हवं, बाय? कपाळ पुढे कर."

"पयले ती बाटली खिशात घाला!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, आणि त्या हसण्याचं मला आता वाईट वाटतं. कारण फादर असे का धावतात, हे मला माहीत होतं.

आमच्यातली बरीच घरं गेल्या काही वर्षांत चर्च सोडून प्रार्थनेच्या हॉलमध्ये जाऊ लागली. त्यांना आम्ही 'बिलीव्हर' म्हणतो. तिकडे मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. ड्रम असतो, टाळ्या असतात, आणि पास्टर प्रत्येकाला नावाने हाक मारतो. ते ऐकून फादरनीही रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर दारात उभं राहून हात मिळवायला सुरुवात केली. नावं लक्षात राहात नाहीत म्हणून सगळ्यांना "काय रे, पीटर!" एकदा आमच्या नगरसेवकालाही पीटर केलं. ते घाटपांडे.

माझा थोरला भाऊ विल्फीदादाही बिलीव्हर झाला. तो अजून चर्चमध्येच येत होता तेव्हा वहिनी शेवटच्या घटका मोजत होत्या. दादा तेलासाठी फादरना फोन करत राहिला. फादर त्या दिवशी कॅथेड्रलमध्ये बिशपांनी बोलावलेल्या बैठकीत होते. विषय होता, हॉलकडे जाणारी माणसं कशी थांबवायची. फोन बंद होता. ते परतले तेव्हा वहिनी गेल्या होत्या, आणि शेजारच्या बिलीव्हर बाईने बोलावलेला पास्टर दादाजवळ बसला होता. दादा पुढे विठ्ठलवाडीला राहायला गेला. मी त्याच्याकडे जाणं टाळत राहिलो. चर्चमध्ये लोक काय म्हणतील, एवढंच कारण.

यंदा दादा अंथरुणाला खिळल्याचं कळलं. फादर सकाळीच माझ्या दारात. "चल. मला त्याची माफी मागायचीय. एकट्याला दार उघडणार नाही तो."

दार दादाच्या हॉलमधल्या पास्टरनेच उघडलं. कोवळा, चष्मा लावलेला मुलगा. तो गोंधळून बाजूला झाला. दादाने फादरना पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"तेल आणलं असेल तर परत न्या."

"नाही लावत," फादर म्हणाले. "त्या दिवशी आलो नाही, विल्फी. माफ कर."

पास्टर हळूच पाणी आणायला आत गेला.

"ती सारखी विचारत होती," दादा भिंतीलाच सांगत होता. "फादर आले का, फादर आले का. मी म्हणत होतो, वाटेत आहेत. माझ्या तोंडचं ते शेवटचं ऐकलंन तिने. खोटं."

पास्टर पाणी घेऊन आला. एरवी बिलीव्हरांवर तासभर प्रवचन देणारे फादर पुढे झाले. त्यांनी पास्टरच्या हातातला पेला घेतला आणि दादाच्या ओठांना लावला. दादा प्यायला. माफ केलं असं म्हणाला नाही. थोड्या वेळाने त्याला झोप लागली.

मी खाली रिक्षा थांबवून वर आलो. फादर जिन्यात, चपलांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसले होते.

"चला फादर, रिक्षा आलीय. दादा झोपलाय आता."

"म्हणूनच थांबतो," ते म्हणाले. "जाग आल्यावर विचारेल कदाचित, फादर आहेत का."

"आणि नाहीच विचारलं तर?"

फादरनी स्टूल थोडं दाराकडे सरकवलं. मी खाली गेलो, रिक्षा पाठवून दिली आणि वर येऊन पायरीवर बसलो.