आवळ्याएवढा गाभा

एका जंगलात एक बंधारा होता. जंगलाचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की उगाच चार जणांना वाटतं, हे आपल्यावरच आहे. आणि चुळबुळ करू नका रे, गोष्ट छोटी आहे.

तर बंधारा. बंधाऱ्याला दार. दार उघडलं की पाणी खालच्या कुंडात यायचं आणि सगळे प्राणी तिथे प्यायचे, जंगलात प्यायला दुसरं पाणीच नव्हतं. पूर्वी एक म्हातारा हत्ती रोज सकाळी सोंडेने हे दार उचलायचा. तो निवृत्त झाला. मग महाराजांनी, म्हणजे सिंहाने, दाराला कॉम्प्युटर बसवला. सकाळी कॉम्प्युटर दार उघडायचा आणि कुंड भरलं की लावून टाकायचा.

कॉम्प्युटर बघायला होत्या खवलेबाई. खवले मांजर तुम्ही पाहिलं नसेल. अंगभर खवले, हातभर जीभ, मुंग्या खाऊन राहणारं गरीब जनावर. घाबरलं की अंगाचा गोळा करून बसतं. खवलेबाई कामाला वाघ. वाघाला हे म्हटलेलं आवडायचं नाही, कारण तो काहीच काम करायचा नाही.

त्या वैशाखात कॉम्प्युटरची जुनी डिस्क घरघरायला लागली. आज जाते की उद्या, अशी तिची अवस्था. खवलेबाईंनी तिच्या जागी फ्लॅश मेमरीची चिप मागवली. नखाएवढी वस्तू, पण वीज गेली तरी सगळं लक्षात ठेवणारी. आता एकच काम उरलं होतं. कॉम्प्युटरच्या कर्नेलला त्या चिपशी बोलता यायला हवं होतं.

कर्नेल म्हणजे गाभा, बाळांनो. यंत्र सुरू झालं की सगळ्यात आधी गाभा जागा होतो, मग तो बाकीच्यांना उठवतो. तुमची आई तुम्हाला उठवते, तसंच. पण प्रत्येक वस्तूची भाषा वेगळी. म्हणून गाभ्याला प्रत्येक वस्तूसाठी एक दुभाष्या लागतो. त्याला म्हणायचं ड्रायव्हर.

गाभा तयार करताना तीन हजार प्रश्नांची यादी भरावी लागते. हा ड्रायव्हर घेऊ का? तो घेऊ का? उत्तरं तीनच. 'हो' म्हटलं तर ड्रायव्हर गाभ्याच्या पोटातच राहतो. 'नाही' म्हटलं तर विषय संपला. आणि 'लागेल तेव्हा' म्हटलं तर तो बाहेर, बाकीच्या सामानाबरोबर चिपवर पडून राहतो. गाभा गरजेला त्याला तिथून बोलावून घेतो.

फ्लॅशच्या प्रश्नापुढे खवलेबाईंनी 'हो' लिहिलं. झालं! गोष्ट इथेच संपायची. पण नेमके महाराज शेजारच्या जंगलात लग्नाला गेले.

"त्यांच्या कॉम्प्युटरचा गाभा आवळ्याएवढा आहे म्हणे!" परत आल्या आल्या त्यांनी डरकाळी फोडली. "आणि आपला फणसाएवढा! जेवण गेलं नाही मला तिथे."

जेवण गेलं होतं. दोनदा वाढून घेतलं होतं. पण ते असो.

ताबडतोब गाभा-लघुकरण समिती नेमण्यात आली. अध्यक्ष सांबरसाहेब. का, तर सगळ्यात मोठी शिंगं त्यांची आणि अध्यक्षाच्या डोक्यावर काहीतरी दिसायला हवं. इतिवृत्त लिहायला बगळा. एका पायावर उभं राहून काहीही न करता कामात दिसायचं, हे त्याच्याइतकं कोणालाच जमत नसे.

यादीतल्या प्रत्येक प्रश्नाखाली बारीक अक्षरात एक सूचना होती. 'नक्की माहीत नसेल तर नाही म्हणा.' ती वाचून सांबरसाहेबांचे डोळे पाणावले.

"काय सुंदर सूचना आहे हो! जणू आपल्यासाठीच लिहिलीय."

समितीत कोणालाच काही नक्की माहीत नव्हतं. त्यामुळे काम भराभर पुढे गेलं. दुपारच्या चहापर्यंत आठशे प्रश्न हातावेगळे झाले. ज्यांना 'हो' म्हणायचं असेल त्यांनी तीन प्रतींत कारण द्यावं, असंही ठरलं. 'लागेल तेव्हा'ला कारण नको होतं. त्यामुळे सगळ्यांचं त्याच उत्तरावर फार प्रेम बसलं.

मग फ्लॅशचा प्रश्न आला. खवलेबाई तीन प्रती घेऊन उभ्याच होत्या.

"बाई, ही फ्लॅश सारखी लागते का?" सांबरसाहेबांनी विचारलं.

"उठल्या उठल्या लागते, साहेब."

"म्हणजे लागेल तेव्हा."

"तसं नाही साहेब. 'लागेल तेव्हा' म्हटलं तर ड्रायव्हर चिपवर जाऊन पडणार. आणि चिप उघडायला तोच ड्रायव्हर पाहिजे. पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप घातल्यासारखं होईल."

"पेटीचा विषय आजच्या सभेत नाही," बगळा म्हणाला.

"बरं, बिळाचं उदाहरण घ्या. समजा, तुम्ही बाहेर आहात आणि बिळाचं दार आतून..."

"मी बिळात राहत नाही," सांबरसाहेब ताडकन म्हणाले. त्यांनी शिंगं हलवली. "एक 'हो' दिला की उद्या प्रत्येक जण 'हो' मागेल. महाराजांना आवळा हवाय, बाई! आवळा! तुम्हाला जंगलाची प्रगती नकोय का?"

एवढा मोठा आवाज खवलेबाईंवर आजवर कोणी चढवला नव्हता. त्यांना पुढे खूप बोलायचं होतं. वाक्यं तोंडाशी आली होती. पण मान आपोआप खाली गेली, शेपटी वर आली आणि सभेच्या मधोमध खवल्यांचा एक गोळा तेवढा उरला.

"बाईंची हरकत नाही," बगळ्याने लिहिलं. मग तो शाईचा पॅड घेऊन आला, गोळ्याच्या वरच्या खवल्याला त्याने शाई लावली आणि कागद दाबून ठसा घेतला. 'तांत्रिक जबाबदारी : खवलेबाई.' कागद वाळायला ठेवला आणि सगळे घरी गेले.

खवलेबाई उलगडल्या तेव्हा मंडपात उष्टे कप होते आणि पाठीवर निळी शाई होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. शाई कुंडाच्या काठी घासून घासून निघाली, लाज काही निघेना. सांगितलं तसा गाभा त्यांनी केला. तो लिंबाएवढा झाला. आवळ्याला पुढच्या वर्षी पोचू, असं समितीने जाहीर केलं.

उद्घाटनाला सगळं जंगल लोटलं. जुन्या डिस्कला आदल्या दिवशीच हार घालून निरोप दिला होता, त्यामुळे कालपासून दार बंद होतं. कुंडात चिखलही ओला राहिला नव्हता. गर्दीत पुढेच ठिपकी नावाची चितळीण उभी होती, चार दिवसांचं पाडस पोटाशी घेऊन.

वानराने नारळ फोडला. महाराजांनी बटण दाबलं. गाभा जागा झाला, त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

'चिप उघडता येत नाही. गाभा घाबरला आहे. थांबतो.'

"घाबरला?" महाराज म्हणाले. "कोणाला? मी तर अजून काही बोललोच नाही."

वानराने आणखी एक नारळ फोडला. बटण पुन्हा दाबलं. गाभा पुन्हा घाबरला. असे सात नारळ झाले.

"साहेब, फ्लॅशपुढे 'हो' लिहावं लागेल," खवलेबाई हळूच म्हणाल्या.

"लिहू की," सांबरसाहेब म्हणाले. "तीन प्रतींत द्या. समितीची पुढची सभा पौर्णिमेला आहे."

पौर्णिमा बारा दिवसांवर होती.

ठिपकी पुढे आली. "मावशी, काही करा ना हो. कालपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नाही. दूधच उतरत नाही मला. हे आता रडतसुद्धा नाहीये."

पाडसाने मान टाकली होती. जीभ बाहेर आली होती, कोरडी.

"सभेआधी कोणी यादीला हात लावला तर याद राखा!" सांबरसाहेब ओरडले.

खवलेबाईंची मान खाली जायला लागली. पाठ वळायला लागली. आणि त्यांचं नाक जमिनीजवळ आलं तेव्हा त्यांना पाडसाचा श्वास ऐकू आला. फार बारीक येत होता, मधेच थांबत होता. खवलेबाईंना स्वतःचा असा काही राग आला की त्या सरळ उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, लिहून घ्या," त्या बगळ्याला म्हणाल्या. "बाईंनी विचारलं नाही."

आणि त्या बिळातल्या आपल्या छोट्या कॉम्प्युटरकडे धावल्या. फ्लॅशपुढचं 'लागेल तेव्हा' खोडून त्यांनी 'हो' लिहिलं आणि गाभा नव्याने बनवायला घेतला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे तो तयार झाला. लिंबापेक्षा एका बीएवढा मोठा झाला होता. त्यांनी तो बसवला आणि बटण दाबलं. नारळ शिल्लक नव्हते.

दार कुरकुरलं आणि वर गेलं. पाण्याचा लोट कुंडात कोसळला. ठिपकी गुडघ्यांवर बसून प्यायली. थोड्या वेळाने पाडस धडपडत उठलं आणि तिला लुचायला लागलं. खवलेबाई दाराशी बसून ढसाढसा रडल्या.

इतक्यात सांबरसाहेब दगडावर चढले.

"बंधूंनो! समितीने काय ठरवलं होतं? फ्लॅश लागेल तेव्हा घ्यायची. आज लागली. आज घेतली. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. याला म्हणतात नियोजन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी त्यांना 'जलरत्न' किताब दिला. ठिपकीने पाडसाला नेऊन त्यांच्या पायावर घातलं.

मग चौकशी झाली. सकाळी यंत्र बंद का पडलं? निर्णयाचा कागद काढला. त्यावर समितीतल्या एकाचीही सही नव्हती. फक्त एका खवल्याचा ठसा होता, निळा, अगदी स्पष्ट.

खवलेबाईंना नोटीस गेली. आपण सभेत हरकत घेतली नाहीत आणि नंतर परवानगी घेतली नाहीत, हे खरं आहे काय?

"दोन्ही खरं आहे," खवलेबाईंनी लिहिलं. "पहिल्याबद्दल मला फार वाईट वाटतं."

हे उत्तर उद्धट ठरलं. खवलेबाईंची बदली वारूळ खात्यात झाली. बंधाऱ्याचा कॉम्प्युटर आता बगळा पाहतो. तो अजून चालू आहे, कारण बगळ्याने त्याला हात लावलेला नाही.

तात्पर्य : बाळांनो, चुकीचा निर्णय घ्यायला कधीही घाबरू नये. त्याखाली सही मात्र ज्याला काम येतं त्याची घ्यावी. म्हणजे बिघडलं तर कोणाला धरायचं ते कळतं, आणि दुरुस्त कोण करणार तेही.