धोंडूमामांचा सोडा आणि समुद्रातली बारकी झाडं

पोलादपूरच्या स्टँडला लागून धोंडूमामा शेलारांचं सोड्याचं दुकान होतं, आणि त्या दुकानात ढेकर द्यायला बंदी होती.

सोडा प्या आणि ढेकर देऊ नका, म्हणजे लग्नाला या आणि जेवू नका म्हटल्यासारखंच. पण मामांनी पत्र्यावर ठळक अक्षरांत पाटीच लिहिली होती : 'ढेकर गिळावा. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा, ते लिहिलेलं नव्हतं. लोकांना वाटायचं, तहसीलदारांचा असेल.

महाबळेश्वरकडून येणारी एसटी आंबेनळी घाट उतरून आमच्याकडे यायची. त्या घाटाची वळणं अशी, की ड्रायव्हरला आपल्याच गाडीची मागची पाटी वाचता येते. उतरणाऱ्या माणसांपैकी निम्मी हिरवी पडलेली असायची, उरलेली पिवळी. ती तशीच लटपटत मामांच्या फळीपाशी यायची. मामा गोटी दाबायचे, फस्स, आणि सोडा काठाकाठाने लिंबू-मिठाच्या ग्लासात. एकदा एका म्हाताऱ्याला चौघांनी उचलून आणलं होतं. दोन घोट पोटात गेल्यावर तो उठून बसला आणि कंडक्टरकडे सुटे पैसे मागायला लागला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उचलणारे चौघे होते की दोघे, एवढाच काय तो वाद.

पण त्याच्या पुढची पायरी ढेकर. तिथे मामा बोट रोखून उभे.

"गिळा. गिळा पावणं. बाहेर नको."

"का हो?"

"समुद्राला बाधतो."

"इथे कुठे आलाय समुद्र?"

"सावित्री नदीत पाय घाला नि पाण्याबरोबर चालत सुटा. लागंल."

पाहुणा डोळे बाहेर काढून, गाल फुगवून उभा राहायचा. साताऱ्याकडचा एक पैलवान तर ढेकर गिळता गिळता असा तांबडा झाला, की त्याला पुन्हा सोडा द्यावा लागला.

माझा एसटीडी बूथ मामांच्या दुकानाला चिकटून होता. मध्ये प्लायवूडची भिंत. मी कुणाचं बोलणं कधी ऐकत नसे. ऐकत असे ते प्लायवूड, मी नुसता त्याला टेकून बसे. त्यामुळे या ढेकरबंदीचा उगम गावात फक्त मलाच ठाऊक होता.

मामा मूळचे वरच्या कुडपणचे. डोंगरावरचा माणूस, समुद्र कधी पाहिलेला नाही. "बघायचं काय त्यात? पाणीच ना? मी रोज भरतो," म्हणायचे. आणि अशा माणसाची एकुलती एक मुलगी, सुलभा, समुद्र शिकायला गोव्याला गेलेली. तिची आई ती लहान असतानाच गेली. पोर सोड्याच्या मशीनशेजारी वाढली. खेळायला गोट्या म्हणजे बाटलीतल्याच. पुढे कॉलेज, मग मोठं कॉलेज, मग गोवा. दर रविवारी सकाळी दहाला मामा आंघोळ करून, टोपी घालून माझ्या बूथमध्ये यायचे. काच ओढून घ्यायचे आणि तिला फोन लावायचे. बोलायचे असे मोठ्याने, की तारेची गरजच नव्हती. गोव्याचा आवाजही त्या जुन्या रिसीव्हरमधून स्वच्छ बाहेर यायचा.

एका रविवारी तिने आपलं काम सांगितलं. समुद्रात बारीक झाडं असतात, डोळ्यांना न दिसणारी, पाण्यावर तरंगणारी. ती बाटलीत वाढवायची आणि त्या पाण्यात गॅस सोडून काय होतं ते बघायचं.

"कुठला गॅस गो?"

"तुमचाच, बाबा. सोड्याचा."

झालं! त्या 'तुमचाच' शब्दाने मामांचा घात केला. हवेतला हा गॅस वाढत चाललाय, समुद्र तो पितोय, आणि पिऊन पिऊन त्याचं पाणी आंबट होत चाललंय, त्यात शिंपले मऊ पडतायत, असं तिने पुढे सांगितलं. पण मामांच्या कानात 'तुमचाच' बसलं होतं. मामा बाहेर आले ते गुन्हेगारासारखे. दुकानातल्या गॅसच्या टाकीकडे बघत म्हणाले, "दत्ता, चाळीस वर्षं मी समुद्राला सोडा पाजतोय रे. आणि मला पत्ताच नाय."

दुसऱ्या दिवशी पाटी लागली.

पुढच्या रविवारी सुलभा पोट धरून हसली. "अहो बाबा, तुमच्या ढेकरांनी नाही. गाड्यांचा धूर, कारखाने, कोळसा. तुमचा सोडा कुठे लागतो त्यात!"

दुसरा कोणी सुटलो म्हणाला असता. मामांनी हाताखाली नवीन खातं घेतलं. स्टँडवर एसटी उभी असताना इंजिन घुरघुरत ठेवणाऱ्या ड्रायव्हरच्या खिडकीवर ते ग्लास आपटायला लागले.

"बंद कर ते! तुझ्या धुरानं शिंपलं मऊ पडतंय तिकडं!"

"मामा, बंद केली तर परत चालू होणार नाय. तुम्ही धक्का मारणार काय?"

"मारतो."

आणि मारला. मामा, दोन हमाल आणि घाटाने हिरवे झालेले पाच प्रवासी. गाडी चालू झाली तेव्हा इतका धूर निघाला, की अर्धं स्टँड दिसेनासं झालं. मामा खोकत खोकत म्हणाले, "हिशोब चुकला." पण ढेकराची पाटी काही उतरवली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "गावात वणवा लागलाय म्हणून आपली बिडी कोण गवतात टाकतो काय?"

मग शिंपल्यांचा प्रयोग सुरू झाला. महाडच्या बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, आणले, खाऊन झाल्यावर शिंपल्या धुतल्या आणि एक सोड्याच्या ग्लासात घातली, एक साध्या पाण्यात. सोडा रोज ताजा. महिन्याभरात सोड्यातली शिंपली कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. मामा ती गिऱ्हाइकांना उजेडाकडे धरून दाखवत. "समुद्रातल्या काही बारक्यांच्या अंगावर असाच चुन्याचा अंगरखा असतो. सुईच्या टोकावर अख्खी वाडी वसंल येवढी बारकी, आणि तरी अंगरखा! समुद्र बिघडला की त्यांना तो शिवायला जड जातंय."

"आणि तुमची तिसरी ही बारकी खाऊनच मोठी होते," असंही वर ऐकवत. त्यामुळे खाणारा जरा गंभीर व्हायचा.

पण सगळ्यांवर वरताण म्हणजे श्वासाची गोष्ट. जगातला निम्मा प्राणवायू ही बारकी झाडं करतात, असं सुलभाने सांगितल्यावर मामांनी स्टँडवर जाहीर केलं, "दर दुसरा श्वास त्यांचा." आमचा एक कंडक्टर होता, फार सरळमार्गी. तो बाकड्यावर बसून मोजायला लागला. हा डोंगरातला, हा समुद्रातला, हा डोंगरातला... मध्येच शिंक आली आणि हिशोब चुकला, तेव्हा त्याने मामांना विचारलं, "शिंक कुणाच्या खात्यावर?" मामांनी पंधरा मिनिटं विचार केला. म्हणाले, "रविवारी विचारून सांगतो."

आणि खरंच विचारलं. हे मामांचं वैशिष्ट्य. माहीत नसलं तर नाही म्हणायचे, आणि रविवारपर्यंत तळमळायचे. एकदा मासळीवाल्याकडून समुद्राचं पाणी बाटलीभर मागवलं आणि जिभेवर घेतलं.

"गो सुले, चाखलं मी. आंबट नाय लागत. खारटच हाय."

"बाबा, आंबट म्हणजे लिंबासारखं नव्हे. समुद्र आंबटाच्या दिशेला जरासा सरकतोय, एवढंच. जिभेला कळेल तेव्हा फार उशीर झालेला असेल."

"मग सगळीच मरणार म्हण की."

"तसंही नाही. चुन्याच्या अंगरखावाल्यांना त्रास. काही काचेच्या कवचाची असतात, त्यांना गॅस वाढला तर उलट चारा वाढतो. कुणाला फावेल, कुणाला बाधेल, तेच तर बघायचंय."

मामा बाहेर येऊन मला म्हणाले, "दत्ता, माणसासारखंच हाय रे सगळं." आणि दिवसभर त्याच आनंदात सोडा भरत राहिले.

मग ते चार रविवार आले.

पहिल्या रविवारी सुलभाचा आवाज उतरलेला होता. बाटल्यांमधली झाडं मरत होती. गॅसच्या बाटलीतली मरत होती, आणि नुसती साधी हवा सोडलेल्या बाटलीतलीही मरत होती. म्हणजे गॅसने मेली असंही म्हणता येईना. या मोसमात प्रयोग जमला, तर दक्षिणेकडच्या थंड समुद्रात जाणाऱ्या बोटीवर तिला जागा होती. चार महिने. नाही जमला, तर दुसऱ्या कुणाची वर्णी. "मग मी घरीच येते, बाबा. महाडला शिकवायची नोकरी आहे, सरांच्या ओळखीची. पोलादपुरातून रोज जाऊन येऊन करता येईल."

मामा "हं" म्हणाले.

त्या आठवड्यात एक माणूस दुकानात उभा राहून घसघशीत ढेकर देऊन गेला. मामांनी मानही वर केली नाही.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. मेली. मामा "हं." तिसऱ्या रविवारी तेच. इतर वेळी प्रश्नांची माळ लावणारा माणूस खाली मान घालून रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळत बसलेला. मला वाटलं, मामांची विद्या संपली. गोव्याच्या शास्त्रज्ञांना जे कळेना ते पोलादपूरच्या सोडेवाल्याला काय कळणार?

चौथ्या रविवारी ती काहीतरी हळू बोलली. तेवढं मात्र प्लायवूडलाही ऐकू आलं नाही.  आणि अचानक मामा ओरडले, असे की स्टँडवरची कुत्री उठली.

"गो, लिंबू काय मी मशीनमध्ये घालतो काय?"

"काय?"

"लिंबू, मीठ घालून मग गॅस भरला तर काय होतं? लहानपणी केलंवतंस तू, छपराला फेस लागलावता. गॅस निस्त्या पाण्यात भरायचा. आणि मग तो सोडा ग्लासाच्या काठानं, हळू, सरबतात सोडायचा. तू त्या बारक्यांच्या अंगावर दिवसरात बुडबुडे सोडतेस. साध्या हवेचे सोडलेस तरी बुडबुडेच ना? गॅसनं नाय मरत ती, धक्क्यानं मरतात! तुझं समुद्राचं पाणी गाळून घे, त्याला वेगळा गॅस पाज आणि मग मोजून, हळू त्यांच्यात ओत."

 तिकडून नुसतं, "बाबा!"

जमलं. पुढच्याच खेपेला झाडं जगली. परदेशातही कुणी कुणी असंच करतात, असं नंतर कळलं, पण सुलभाच्या सरांनी तेव्हा तिला विचारलं, ही पद्धत कुठे वाचलीस? ती म्हणाली, "पोलादपूर स्टँडवर." सरांनी ते पुस्तकाचं नाव समजून वहीत टिपून घेतलं, असं मी सगळीकडे सांगतो. खरं खोटं सरांनाच माहीत.

महिनाभरात बोट ठरली. सुलभा गेली.

बोटीवर फोन नव्हता. तरी पहिल्या रविवारी दहाला मामा आंघोळ करून, टोपी घालून आले आणि बूथबाहेरच्या बाकड्यावर बसले. मी चहा मागवला. त्यांना खुश करावं म्हणून म्हणालो, "मामा, तुमच्या सोड्याने पोर कुठल्या कुठे पोचली! चौथ्या रविवारी का होईना, बरोबर सुचलं तुम्हाला."

मामांनी बशी खाली ठेवली.

"चौथ्या नाय रे. पहिल्याच रविवारी कळलंवतं."

मी सरकून जवळ बसलो.

"साध्या हवेची बाटलीपण मेली म्हणाली, तवाच. कुठल्याबी सोडेवाल्याला कळंल. तीन रविवार मी तोंड दाबून बसलो. वाटलं, मरूदे ती झाडं. पोर घरी येईल. महाडला जाऊन टेबल बघून आलो तिच्यासाठी. पोरांचे पेपर तपासायला लागंल ना."

"मग सांगितलंत कशाला?"

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्या रविवारी म्हणाली, बाबा, बाटल्या धुवून पालथ्या घातल्यात. येवढंच. रडली नाय, काय नाय. दत्ता, माझा जलम गेला बाटल्या धुण्यात. दिवस संपल्यावर शेवटची बाटली पालथी घालणाऱ्याचा आवाज कसा असतो, मला ठाव हाय. माझाच असतो तो. चोवीस वर्षांच्या पोरीच्या तोंडून कसा ऐकू रे?"

स्टँडवर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या.  गप्पिष्ट माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते. शेवटी उगाच विचारलं,

"टेबलाचं काय केलंत मग?"

"आणलं," मामा म्हणाले. "वरच्या खोलीत खिडकीखाली ठेवलंय. दुकान बंद केलं की मीच बसतो जरा वेळ. तिथनं कशेडी घाट उतरणारी गोव्याकडची गाडी दिसते."