दहावी सही

प्रतापची तक्रार करावी तेवढी थोडी. या मुलाने जर्मनीत, आखनमध्ये, गिअर बनवणाऱ्या कंपनीत नाव काढले, जर्मन नागरिकत्व मिळवले. पण कुणाकडे काही मागायची वेळ आली की तोंडाला कुलूप. आणि कुणी त्याच्याकडे मागितले की मान हलायची ती होकारार्थीच. त्याच्या आईच्या, यमुनाबाईंच्या मते हे वळण बापाकडचे होते.

आता प्रश्न बसथांब्याचा होता. घरासमोरचा थांबा नगर परिषदेने प्रवाशांच्या सोयीसाठी टेकडीवर नेला. तिथे प्रवासी नव्हते, सोय मात्र पुष्कळ होती. चढताना यमुनाबाईंचे गुडघे अर्ध्या वाटेत संप करत. प्रतापने पत्रांवर पत्रे लिहिली, तेव्हा थांब्याला नवा बाक मिळाला. वरच. शेवटी तो म्हणाला, "आई, मीच परिषदेला उभा राहतो. अपक्ष."

"राहा. एकदा तरी राहा."

परिषदेत आधीच बसलेल्या पक्षाला सह्या लागत नाहीत. अपक्षाला मात्र वॉर्डातल्या दहा मतदारांच्या लागतात. प्रत्येक जण खरा मतदार आहे असा कार्यालयाचा दाखला लागतो, आणि एका मतदाराची सही एकाच उमेदवाराला चालते. थोडक्यात, लोकशाहीत कुणीही उभे राहू शकते. आधी दहा जणांनी त्याला धरून ठेवले पाहिजे.

सह्यांसाठी प्रताप बेकरीबाहेर उभा राहिला. तो "माफ करा" इतक्या हळू म्हणायचा की लोकांना वाटे, बिचारा वाट चुकला. ते त्याला स्टेशनचा रस्ता दाखवत. एका आजोबांनी तर स्टेशनपर्यंत पोचवले. तोही गेला. एवढ्या प्रेमाने नेतात तर नाही कसे म्हणायचे?

मग यमुनाबाईंनी पदर खोचला. संक्रांतीचे हळदीकुंकू केले, वाण म्हणून प्रत्येकीला बॉलपेन दिले, आणि ते चालते का हे तिथल्या तिथे कागदावर बघायला लावले. कार्यालयाने सून सुधाची सही तेवढी ठेवून घेतली. बाकीच्या बायका एकतर भारताच्या नागरिक, नाहीतर दुसऱ्या वॉर्डातल्या.

"पेनं मात्र चांगली निघाली हो, आई," सुधा म्हणाली.

यमुनाबाई तडक शेजारच्या फ्राऊ लेन्त्सकडे गेल्या. जर्मन येत नव्हते. त्यांनी टेकडी दाखवली, गुडघा दाखवला आणि परिषदेचा मराठीत उद्धार केला. फ्राऊ लेन्त्सने आपलाही गुडघा दाखवला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असे म्हटले आणि सही केली. मग तिने गल्लीतले उरलेसुरले गुडघे गोळा केले. नऊ सह्या झाल्या. दहावी प्रतापने स्वतःची केली. नियमात बसत होते.

शेवटच्या दिवशी कार्यालयाची खिडकी बंद होता होता कारकुनाने कागद तपासले. "हे बघा, आपली स्वतःची सही बाद आहे. आपण आधीच दुसऱ्या उमेदवारासाठी सही केली आहे."

प्रतापने हे आईला मराठीत सांगितले. सांगावेच लागले.

"कुणासाठी रे?"

"बेकरीबाहेर एक गृहस्थ होते. कुत्रा घेऊन. थंडीत उभे होते गं. मी नुसती सभ्यपणाने केली. ती मोजतील असं वाटलं नाही."

"काय हवंय त्याला?"

"ते मागाहून वाचलं. बसच्या आवाजाने कुत्रा दचकतो. आपल्या भागातली बस बंदच करायची म्हणतात."

"त्याच्या झाल्या का दहा?"

"माझी दहावी होती. त्यांनी मिठीच मारली."

परतीच्या बसने दोघांना टेकडीवर सोडले. यमुनाबाई नव्या बाकावर बसल्या, गुडघे चोळले, आणि खाली, पार लांब दिसणाऱ्या आपल्या दारावरची नजर न काढता बोलल्या, "माणूस गरीब दिसतो, थंडीत उभा आहे, म्हणून सही ठोकायची, आणि बस कुठे गेली ते मागाहून विचारायचं. हे काही तुझ्या एकट्याचं नाही, तिकडे आपल्या गावातही हेच चालतं. आता मतही त्यालाच दे, प्रताप. नाही दिलंस तर वाईट वाटेल त्याला."