धाकट्याला घरी आणायची मोहीम

मोठ्या बाईंचा धाकटा घर सोडून ‘उघडं घर’मध्ये राहायला गेला, ही बाब गल्लीने अभिमानाची ठरवली. ‘उघडं घर’ हा टीव्हीवरचा कार्यक्रम गल्लीतली निम्मी पोरं जन्मायच्या आधीपासून चालू होता. त्याची रीत सोपी होती. अनोळखी माणसं एका घरात कोंडायची, न्हाणीघर सोडून सगळीकडे कॅमेरे लावायचे आणि ती भांडली की मध्ये साबणाची जाहिरात दाखवायची.

बाईंना अभिमान नको होता, पोरगा हवा होता. घरी असताना धाकटा तोंड उघडायचा ते जेवायला. तिथे मात्र रोज कॅमेऱ्यासमोर बसून गळा काढायचा, की आईशी दोन शब्द बोलायचे राहून गेले.

“मेल्या, मी काय परगावी होते?” बाई टीव्हीला विचारायच्या. “चुलीपाशीच तर होते.”

मतं देऊन माणसं बाहेर काढतात, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. जास्त विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गल्लीने त्यांना विचारायचं असा शिरस्ता होता. शिवाय, माणूस बोट हलवायचे कष्ट घेतो ते कुणाला तरी हाकलायलाच, हे त्यांनी सोसायटीच्या बैठकांत पाहिलं होतं. त्यांनी फर्मान काढलं, की ज्याच्या हाती फोन त्याने धाकट्याला मत द्यायचं. कुरकुर करणाऱ्यांना, खिडकीत बसल्या बसल्या कुणाच्या घरातलं काय काय दिसतं, याची त्यांनी मोघम आठवण करून दिली. शिंप्याने मशीन थांबवून मत दिलं. न्हाव्याने गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच ठेवून मत दिलं.

धाकटा जागचा हलेना. दर आठवड्याला भलताच कुणी बॅग घेऊन रडत बाहेर यायचा. मतं कमी पडताहेत, असा बाईंनी निष्कर्ष काढला आणि दूधवाल्यालाही कामाला जुंपलं. धाकटा अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर पोहोचला.

तेव्हा शेजारची शिंपीण कौतुकाने म्हणाली, “बाई, तुमच्यामुळेच टिकलाय हो तो. मतं नसती तर पहिल्याच आठवड्यात घरी आला असता.”

बाई घोटभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “माहीत आहे मला. तुला माहीत आहे का, ते बघत होते.”

त्याच संध्याकाळी गल्लीत मतदानबंदी लागू झाली. पुढच्या आठवड्यात धाकटा बॅगेसकट दारात उभा होता. गल्लीखेरीज त्याला जगात कुणीच मत देत नव्हतं, हेही तेव्हाच उघडकीला आलं.

तो जेवला आणि भिंतीकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. बाईंनी वाट पाहिली, भांडी आपटून पाहिली, शेवटी विचारलं, “दोन शब्द राहिले होते ना तुझे?”

“इथे कसं बोलू? कुणी बघत नाही.”

“मी बघतेय की.”

“तू घरातलीच गं.”

बाई तडक वीजवाल्याकडे गेल्या आणि एक बंद पडलेला कॅमेरा घेऊन आल्या. तो त्यांनी भांड्यांच्या फळीच्या वर ठोकून घेतला. त्याला वायरही नव्हती. धाकट्याने केस सारखे केले, खुर्ची तिकडे वळवली आणि कापऱ्या आवाजात म्हणाला, “आई, तू दमतेस का गं?”

जन्मात पहिल्यांदा त्याने हे विचारलं होतं. बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात खिडकीत त्यांना शिंपीण दिसली, तिच्यामागे न्हावी, त्याच्यामागे दूधवाला. बाईंनी उठून खिडकी लावली. धाकटा अर्ध्या वाक्यात गप्प झाला.

बाईंनी निमूटपणे खिडकी पुन्हा उघडली.

“या,” त्या म्हणाल्या. “आणि ते सगळ्यात मागे, इथवर वाचत आलेत ते, त्यांनाही पुढे घ्या. हलू नका म्हणावं. पोरगं आत्ता कुठे बोलायला लागलंय.”