आणीबाणीची ज्येष्ठता यादी

प्रभुलिंगने एक निर्णय घेतला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

प्रभुलिंगने निर्णय घेणं हीच मुळात बातमी. सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं वरिष्ठ लिपिक (आधी कनिष्ठ, मग वरिष्ठ, पण टेबल तेच) म्हणून काढलेला माणूस. समोर आलेलं काहीही 'सादर' असा शेरा मारून वर पाठवायचं, हा त्याचा धर्म. घरात 'वर' म्हणजे बायको, शिवलीला. तिचा शेरा बहुधा एकच असे, 'नको.' पण हा निर्णय त्याने कुणालाही सादर न करता घेतला आणि आईसाठी आणीबाणीचा फोन विकत आणला.

त्याची आई चंद्रव्वा, वय शहात्तर, शेळगीतल्या एका गल्लीत दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापूर या वस्तीतल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये ती एकदा पंधरा दिवस राहून आली होती. सोळाव्या दिवशी पिशवी भरून म्हणाली, "तितं खिडकीतनं नुस्तं आभाळ दिसतंय बग. मानूस दिसत न्हाई." तो विषय तिथेच संपला.

पुन्हा निघाला तो महानंदामुळे. महानंदा ही प्रभुलिंगची धाकटी बहीण, दिली माढ्याला. तिच्या गल्लीत एक म्हातारी घरात पडली आणि दीड दिवस कुणाला पत्ताच नाही. म्हातारी वाचली, पण महानंदाची झोप उडाली. तिने भावाला फोनवर ठणकावलं, "अण्णा, रविवारी येतेय मी. तोवर अव्वाची काहीतरी सोय कर. न्हाईतर मी तिला घेऊनच जाणार, आणि घराला कुलूप!"

चंद्रव्वाला हे कळलं. संध्याकाळी ती प्रभुलिंगचा हात धरून म्हणाली, "प्रभू, मला ह्या घरातनं हलवू नगंस रं." आई असं कधी मागत नसे. आईचं घर वाचवायचं असेल तर रविवारपर्यंत सोय दाखवायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं आणि तो फोन आणला.

यंत्र झकास होतं. एक मोठा फोन, त्यावर भलंमोठं तांबडं बटण. शिवाय गळ्यात अडकवायला दोरीला लावलेलं छोटं बटण, पाण्यातसुद्धा चालणारं. कुठलंही दाबा, फोन स्वतःहून पहिल्या नंबरला लागणार. त्याने नाही उचलला तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, असे पाच नंबर. ज्याने उचलला त्याला आधी ध्वनिमुद्रित निरोप ऐकू येणार, मग मोठ्या आवाजात बोलणं सुरू. एकाने उचलला की यंत्र थांबणार.

आता पाच नंबर कुणाचे? इथे प्रभुलिंगच्या अंगातला लिपिक जागा झाला. त्याने चक्क ज्येष्ठता यादी तयार केली. एक नंबरला अर्थातच तो स्वतः. ज्येष्ठ पुत्र. (एकुलताच, पण ज्येष्ठ.) दोन नंबरला दुधनीचे मामा, कारण मामाचा मान. लग्नपत्रिकेत मामाचं नाव एक ओळ खाली गेलं म्हणून बारा वर्षं अबोला धरलेली घरं त्याला माहीत होती. तीन महानंदा. चार शिवलीला, कारण सून. पाचव्या जागी महानंदाचा नवरा; जावयाला यादीत घेतलंच नाही असं होता कामा नये.

"आनि अकबरी?" चंद्रव्वाने विचारलं.

अकबरी म्हणजे शेजारीण. साठीची बाई, दोन्ही घरांत भिंत एक. मुलगा सरफराज रिक्षा चालवायचा.

"अव्वा, ही यादी नात्याची आहे," प्रभुलिंग समजुतीच्या सुरात म्हणाला. "अकबरीचाचींना कोणत्या प्रवर्गात घालू?"

"मला काय म्हाईत. तुझं तू बग." चंद्रव्वा ज्वारी निवडत राहिली.

मग निरोप. यंत्रात वीस सेकंदांचा निरोप मावत होता. प्रभुलिंगने खाकरून सुरुवात केली, "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, श्रीमती चंद्रव्वा, वय वर्षे शहात्तर, राहणार शेळगी, यांच्याबाबत..." इथे वीस सेकंद संपले. काय कळवायचं ते राहून गेलं. पण सुरुवात इतकी छान झाली होती की खोडायला त्याचं मन होईना.

रविवारी सकाळी आठलाच तो आईकडे हजर झाला. महानंदा दहाच्या सुमाराला येणार, त्याआधी रंगीत तालीम हवी. चंद्रव्वा म्हणाली, "तू कर तुझं काय ते. मी अकबरीकडं हाय, शेंगाची चटणी कुटायची हाय." आणि गेली.

म्हातारी माणसं पडतात ती न्हाणीत, हे प्रभुलिंगने कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे तालीम न्हाणीतच व्हायला हवी. आणि न्हाणीत जायचंच तर आंघोळही उरकून घ्यावी. (एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या माणसाने आधी दगड कुठे पडेल ते बघावं.) त्याने शर्ट-पँट बाहेरच्या खुंटीला लावली, पंचा गुंडाळला, बटण गळ्यात घातलं, आत गेला आणि सवयीने कडी लावली.

आता ही कडी गेल्या अकरा वर्षांत कुणी लावलेली नव्हती. एकट्या राहणाऱ्या बाईला न्हाणीच्या कडीचं काय काम? ती गंजून बसली होती. लागली मात्र अशी की पुन्हा निघेना. प्रभुलिंगने ओढली, ढकलली, तिच्यावर साबण चोळला. साबणाने कडी सैल झाली नाही, हात तेवढे निसटायला लागले.

पण तो घाबरला नाही. उलट खूश झाला. खरी आणीबाणी! याहून चांगली चाचणी कुठली? त्याने छाती पुढे काढून बटण दाबलं.

बाहेरच्या खोलीत यंत्राने नंबर फिरवला. दोन क्षण शांतता. मग खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात सनई वाजायला लागली.

प्रभुलिंगला ती सनई फार आवडायची. आज प्रथमच तिचा अर्थ डोक्यात शिरायला त्याला वेळ लागला. एक नंबर तोच होता. यंत्र त्याच्याच मदतीसाठी त्यालाच बोलावत होतं, आणि तो फोन उचलत नव्हता.

सनई थांबली. यंत्राने दोन नंबर लावला. दुधनीच्या मामांनी आयुष्यात फोन वाजू दिला असं कधी झालं नव्हतं. पहिल्याच रिंगला उचलला.

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." प्रभुलिंगचाच गंभीर आवाज घरभर घुमला, "...राहणार शेळगी, यांच्याबाबत..."

"एनप्पा, काय झालं? चंद्रव्वाच्या बाबत काय?" मामा ओरडले. "फुडं बोल की!"

"मामा! मी प्रभू! न्हाणीत अडकलोय!" प्रभुलिंगने बंद दाराआडून घसा फोडला.

मधे एक दार, एक खोली आणि दुधनीपर्यंतचं अंतर. मामांना ऐकू आला तो फक्त लांबून कुणा गड्याचा टाहो. अशा निरोपानंतर असा टाहो ऐकल्यावर शहाण्या माणसाने काय समजावं?

"अय्यय्यो," मामांचा आवाज खाली आला. "रडू नगं प्रभू. आलो मी." आणि फोन बंद.

एकाने फोन उचलला होता, त्यामुळे यंत्राच्या लेखी प्रकरण निकाली निघालं होतं. प्रभुलिंगने पुन्हा बटण दाबलं. यंत्राने पुन्हा नव्याने सुरुवात केली: आधी सनई, मग मामा. "महानंदाला कळवलं बग. धीर धर." तिसऱ्यांदा सनई, मामा. "स्टेशनात हाय मी. गाडी लागली." तीन नंबरपर्यंत यंत्र जायलाच तयार नव्हतं. मामा मान राखून होते.

मग प्रभुलिंगने बटण सोडून तांब्या उचलला आणि भिंतीवर हाणला. ठण्, ठण्, ठण्. पलीकडे चटणी कुटल्याचा धपधप आवाज चालू होता, तो थांबला आणि भिंतीतून उत्तर आलं: ठक्, ठक्, ठक्.

देव पावला! त्यांना कळलं! प्रभुलिंग वाट बघत उभा राहिला. पलीकडे धपधप पुन्हा सुरू झाली. त्याने पुन्हा तांब्या हाणला. पुन्हा तीन ठक्. पुन्हा धपधप. असं चार वेळा झालं. भिंत त्याला मोठ्या आपुलकीने उत्तर देत होती आणि करत काहीच नव्हती.

शेवटी चंद्रव्वा मागच्या दारातून आली. हातात कपबशी.

"किती येळा मागशील रं? टाकलाय, टाकलाय म्हनून अकबरी सांगतीया की!"

"काय टाकलाय?" दाराआडून रडवेला आवाज आला.

"च्या! तीन ठोकं म्हंजी च्या टाक. तुला कुनी शिकिवलं म्हनून मी बी इचारात पडलेली."

मागोमाग अकबरी आली. "क्या हुआ अक्का? कडी बैठ गई क्या? बाजू हो बेटा." दोघींनी पत्र्याच्या दाराला दोन बाजूंनी हात घातला, "हं, उचल," म्हणाल्या, आणि अख्खं दार बिजागरीतून वर निघून आलं. काम अर्ध्या मिनिटाचं. आत पंचा सावरत, गळ्यात बटण आणि हातात तांब्या घेऊन वरिष्ठ लिपिक उभे.

आणि नेमकी त्याच वेळी महानंदा आली. मामांचा फोन आला तेव्हा तिची एसटी मोहोळच्या पुढे होती. तिथून सोलापूर येईपर्यंत तिने सगळी गाडी रडवली होती. एक अनोळखी बाई तर तिला धरून दारापर्यंत सोडायला आली होती. उंबऱ्यातच तिने "अव्वाऽऽ" म्हणून हंबरडा फोडला.

"काय गं?" हातात दाराचं एक टोक धरलेली चंद्रव्वा म्हणाली. "च्या घेतीस?"

महानंदा मटकन खाली बसली. आधी आईला मिठी मारून रडली, मग रडता रडता हसली, आणि हसू संपलं तशी चिडली. "बस झालं! आता काय ऐकायची न्हाई मी. असल्या खेळण्यावर आईला सोडू? अव्वा, पिशवी भर!"

प्रभुलिंगने मान खाली घातली. आईने एवढं एकच मागितलं होतं, आणि तेच त्याच्या हातून निसटलं होतं. अंगावर धड कपडे नसताना माणसाला वादही घालता येत नाही.

चंद्रव्वाने दार भिंतीला टेकवलं, पदराने हात पुसले.

"महानंदे, अडकलं कोन?"

"अण्णा."

"सोडिवलं कुनी?"

महानंदाने अकबरीकडे बघितलं.

"रोज सकाळी सा वाजता मी लाटन्यानं दोन ठोकं देती. अकबरी दोन देती. अकरा वरसं झाली. माझं ठोकं आलं न्हाईत तर ती मागच्या दारानं येतीया. तापात हुते तवा आलती. त्या दाराला मी आतनं कडी लावत न्हाई, फकस्त तिच्यासाटी. आता सांग, माढ्यात हाय का अशी भीत?"

"तुमारी अम्मा अकेली नै रहती बेटी," अकबरी म्हणाली. "तुमकूच वैसा लगता."

महानंदाने भिंतीवर हात ठेवला. "मला का कधी सांगितलं न्हाईस?" एवढंच म्हणाली आणि चहाचा कप उचलला. पिशवीचा विषय पुन्हा निघाला नाही. दुपारी मामा काळी टोपी, पडलेला चेहरा आणि सुतकाच्या घरी नेतात तशी भाकरी-पिठल्याची पुरचुंडी घेऊन दारात आले. बहिणीनेच दार उघडल्यावर ते इतके खूश झाले की चार दिवस मुक्काम केला.

यंत्र मात्र चंद्रव्वाने परत नेऊ दिलं नाही. "अकबरी गावाला गेली तर लागंल की," म्हणाली. नवी यादी तिने सांगितली आणि प्रभुलिंगने मुकाट भरली. एक अकबरी. दोन सरफराज. तीन समोरची सुंदरम्मा. चार शिवलीला.

"आणि पाच मी?" प्रभुलिंगने आशेने विचारलं.

"घाल की. जागा हाय म्हंजी."

निरोपही बदलला. चंद्रव्वाने स्वतः दिला: "मी चंद्रव्वा. या." अठरा सेकंद शिल्लक राहिले.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी चारला, कचेरीत सनई वाजली. पडद्यावर आईचं यंत्र. प्रभुलिंग खुर्चीसकट उठला. म्हणजे चौघांपैकी कुणीच उचलला नाही! सगळी कचेरी उभी राहिली.

"अव्वा! काय झालं? पडलीस?"

"पडले की. सकाळी. मनगाट मुरगाळलं. अकबरी आली, सरफराजनं डाक्टरकडं न्हेलं, फोटू काढला, हाड बरं हाय. पट्टी बांधली. शिवलीला डबा घिऊन आली. जेवून झोपले बी."

"सकाळी! आणि मला आत्ता? बाकी कुणी उचलत नाही का आता?"

"त्यास्नी कशाला तरास दिऊ? सरफराजला म्हनलं, पाचवा तेवढा लावून दे. आता तुझ्याजोगतं काम निगालं न्हवं का. गिरनीत दळन टाकलंय, ते घिऊन ये."

प्रभुलिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. आई बरी होती, आपल्या घरात होती, आणि तिला त्याची गरज होती. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली (कारण: 'अत्यावश्यक कौटुंबिक') आणि थेट शेळगीची गिरणी गाठली.

"चंद्रव्वाचं दळण," तो छाती काढून म्हणाला.

"तुमी प्रभुलिंग व्हय?" गिरणीवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डबा सरफराज घिऊन गेला. आजीचा फोन आलता, डबा जड हाय, माझ्या पोराला झेपायचा न्हाई म्हनून." त्याने फळीवर हात घातला. "हे झाकन तेवढं तुमच्यासाटी ठिवलंय. दोनी हातानं धरा."