अख्ख्या गल्लीला टोपी

मल्लूअण्णा चालता चालता विणायचे. बसून विणणारी माणसं सगळीकडे असतात. भाजीची पिशवी मनगटाला, लोकरीचा गुंडा शर्टाच्या फुगलेल्या खिशात आणि हातात दोन हलत्या सुया, अशा थाटात रस्ता ओलांडणारा माणूस मंगळवार पेठेत एकच होता. रिक्षावाले हॉर्न वाजवत. अण्णा टाका पुरा करूनच बाजूला होत.

"थांब की रं. टाका सुटला तर तू उचलणार हाईस व्हय?"

ते एका जागी टिकत नसत. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, शेजाऱ्याच्या दारातल्या गप्पा तर एका पायावर. बसा म्हटलं की उत्तर ठरलेलं असे, "भट्टी थंड पडली की फोडावी लागती." शिरोलीच्या एका फाउंड्रीत त्यांची उमर गेली होती. लोखंडाचा रस आतच गोठला तर भट्टी फोडूनच तो काढावा लागतो, असं ते सांगत. ऐकणाऱ्याने विचारलेलं नसलं तरी सांगत.

विणकाम त्यांच्याकडे बिडीमुळे आलं. डॉक्टरांनी बिडी बंद केली आणि बोटं मोकळी पडली. अण्णांनी आधी घरातल्या कड्या घट्ट केल्या, मग त्याच सैल केल्या, मग शेजाऱ्यांच्या सायकलींकडे मोर्चा वळवला. त्या सुमारास त्यांची पुतणी गिरिजा शाळेच्या कार्यानुभवासाठी मफलर विणत होती. ती तो अर्धवट टाकून खेळायला गेली. परत आली तेव्हा मफलर तिच्या उंचीपेक्षा लांब झाला होता. बाईंनी गुण कापले आणि शेरा मारला, 'टाके फार आवळलेले. घरच्यांनी मदत करू नये.'

गिरिजाचे आईवडील ती लहान असतानाच गेले. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. त्यांनीच तिला वाढवलं. ती त्यांना दोड्डप्पा म्हणायची, म्हणजे थोरले काका. घर लिंगायताचं, मूळचं सीमेपलीकडचं. दोघं भांडत ती कानडीत आणि समेट करत तो मराठीत, त्यामुळे गल्लीला भांडणाचा शेवट तेवढा कळायचा.

मफलरनंतर अण्णा कानटोप्यांकडे वळले. ते पैसे घेत नसत आणि 'नको' ऐकत नसत. कोल्हापूरची थंडी पहाटे येते आणि आंघोळीच्या वेळेपर्यंत निघून जाते, हे त्यांना कुणी सांगायचं?

"थंडी कुठाय, अण्णा?"

"यील की. आल्यावर इनत बसू व्हय?"

तालमीतल्या एका पैलवानाला त्यांनी भर मे महिन्यात लाल टोपी दिली. तो म्हणाला, "अण्णा, ही घालून फडात उतरलो तर समोरचा हसून पडंल."

"पडंल न्हवं? मग घाल की!"

असं करत दहा-बारा वर्षांत गल्लीतलं एकही घर सुटलं नाही. गिरिजा तोवर बी.कॉम. होऊन एका पतसंस्थेत लागली होती. निपाणीचं एक स्थळ आलं. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला होता. गिरिजाने त्याआधी दोन स्थळं परस्पर नाकारली होती. या वेळी तिने पोह्यांत मीठ पडलंय का, ते दोनदा चाखून पाहिलं. मुलगा गेल्यावर अण्णांनी विचारलं, "कसा वाटला?" ती मराठीत म्हणाली, "बरा हाय की." मराठीत म्हणाली, म्हणजे ठरलं, असं अण्णांनी जाहीर केलं.

पसंतीनंतर चौकशी असते. मुलाचे वडील एका सकाळी कुणाला न कळवता पेठेत आले आणि सर्जेरावांच्या चहाच्या गाड्यावर थांबले. पुढचं संभाषण मला खुद्द सर्जेरावांनी सांगितलं, तेही अभिमानाने, कारण आपण अण्णांची तोंड भरून स्तुती केली, अशी त्यांची समजूत होती.

"मल्लाप्पाचं घर कसं हाय?"

"लाखात एक माणूस. पण पावणं, टोपी घातल्याबिगर कुणाला सोडत न्हाय."

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. "कुणाकुणाला घातलीया?"

"कुणाला न्हाय ते इचारा! आख्ख्या गल्लीला घातलीया. मला तर दोनदा."

"आणि तुम्ही गप बसला?"

"ह्या वयाच्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं? टोपी घेतली न्हाय, तर दुसरं कायतरी गळ्यात मारतोय."

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. चार दिवसांनी निपाणीहून फोन आला, योग दिसत नाही. मध्यस्थाला खोदून विचारलं तेव्हा खरं कारण बाहेर आलं, "चहाच्या गाड्यावर ऐकून गेल्यात. लोकांना टोप्या घालणाऱ्याच्या घरातली पोरगी नको म्हणत्यात."

अण्णा सर्जेरावांच्या गाड्यावर धावले. "काय सांगितलंस रं त्यांना?"

"हाय त्येच सांगितलं की! खोटं कशाला बोलू?"

त्या संध्याकाळी गिरिजाने आवाज न करता भांडी घासली. त्या घरात आवाज नसणं हीच बातमी होती. अण्णांनी सुया कपाटात ठेवल्या आणि गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिकाम्या हातांनी फेऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी ते एक पोतं घेऊन आमच्या दारात आले. मी पेपरात नोकरीला, म्हणून त्यांच्या लेखी 'पेपरवाले'.

"पेपरवाले, चला संगं. टोप्या गोळा करायच्या. निपाणीत नेऊन दावतो."

"एखादी न्या की, अण्णा. सगळ्या कशाला?"

"एक नेली तर म्हणतील, आताच इनून आणलीया."

आम्ही निघालो. पहिली टोपी सर्जेरावांची. ती किटलीवर होती, खालची कड जळलेली. "चहा गरम ऱ्हातोय, अण्णा," सर्जेराव म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले. एका घरात मिक्सरखाली मफलर होता, आवाज कमी व्हावा म्हणून. एका घरात टोपी लोणच्याच्या बरणीला बांधलेली. पैलवानाची लाल टोपी तालमीच्या दाराला अडकवलेली, दार आपटू नये म्हणून. माझ्या आईने आमच्या दोन टोप्या गॅसजवळून काढून दिल्या. त्या हातात धरून ती कढई उतरवायची.

डोक्यावर घातलेली एकही टोपी सापडली नाही.

अण्णा प्रत्येक टोपी हातात घेत, जळक्या भोकातून बोट घालून पाहत आणि पोत्यात टाकत. पोतं भरलं तेव्हा ते आमच्या पायरीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी एसटीने आम्ही निपाणी गाठली. अण्णांनी दारातून आत शिरताच सोप्यात, पुढच्या बैठकीच्या जागेत, पोतं उपडं केलं. मुलाच्या वडिलांनी एक टोपी उचलून हुंगली.

"हिला चहाचा वास येतोय."

"किटलीवर हुती."

"आणि ही?"

"लोणच्याची." अण्णा उभेच होते. "मी टोप्या घालतो, पावणं. त्या ह्या असल्या. डोक्यावर कुणीच घालत न्हाय, ते मलाबी कालच कळलं. पोरीचा ह्यात काय गुन्हा?"

आधी मुलाची आई हसली. मग वडील कपाळावर हात मारून म्हणाले, "त्यो चहावाला निस्तं टोपी म्हणाला की हो! लोकरीची म्हणायला काय झालतं त्येला?"

दोन महिन्यांनी लग्न झालं. गिरिजा निपाणीला गेली. गल्लीच्या टोप्या मात्र अण्णांकडेच राहिल्या. त्यांनी त्या धुतल्या, गच्चीवर वाळवल्या आणि एकेक करून परत द्यायला सुरुवात केली. सर्जेरावांना मिळाली तिला किटलीच्या तोटीसाठी भोक ठेवलेलं होतं, कड नव्याने विणलेली होती. बरणीच्या टोपीला नाडी आली. आमच्या दोन टोप्या एकात एक घालून शिवल्या होत्या, कढईचा चटका हाताला लागू नये म्हणून.

"वापरत हुता की," ते आईला म्हणाले. "टाकून तर दिल्या न्हाईत."

रोज संध्याकाळी एका घरी एकच टोपी. ते येत, चहा घेत, गिरिजाचा फोन आला होता का ते सांगत आणि जेवणाची वेळ होईपर्यंत रेंगाळत. आईला वाटलं, या वयात त्यांना उगाच त्रास. ती म्हणाली, "अण्णा, सगळ्या एकदमच वाटून टाका की. रोज कशाला हेलपाटा?"

अण्णांनी कपातला उरलेला चहा सावकाश संपवला.

"वाटीन की. मग उद्या कुठं जाऊ?"